आजीला सगळं माहीत होतं

मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला. घर अजनीच्या बाजूला. वडिलांचं मोटर वाइंडिंग आणि कूलर दुरुस्तीचं दुकान, आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ सातवीत, आणि वडिलांची आई. दहावीला मुलीला नव्वदच्या वर टक्के पडले. त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा मिळाला आणि पेढ्यासोबत बातमी: पोट्टी डॉक्टर होणार. कॉलेजात नावापुरता प्रवेश, खरा अभ्यास शंकर नगरच्या बाजूच्या एका कोचिंगमध्ये. नागपुरात अकरावी-बारावी सायन्सची हजारो मुलं याच पद्धतीने शिकतात, त्यामुळे यात घरच्यांना काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटापासून साधारण सहा आठवडे ती कोचिंगला गेलीच नाही. घरून रोज वेळेवर निघायची, डबा घ्यायची, अजनी चौकात मेट्रो पकडायची, सीताबर्डीला गाडी बदलायची. शंकर नगर आलं की बसून राहायची आणि पुढे सुभाष नगरला उतरायची. क्लास सुटायच्या वेळेला परतीची गाडी. घरी आल्यावर "कसा झाला क्लास?" या प्रश्नाला "बरा."

गैरहजेरीचे मेसेज वडिलांच्या जुन्या नंबरवर जात होते, तो नंबर बंद होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक ओळखीचे गृहस्थ कूलरचा पंप दुरुस्तीला घेऊन दुकानात आले आणि सहज बोलले, "तुमची पोट्टी दिसत नाही आजकाल क्लासला. तब्येत तर बरी आहे ना?"

त्या रात्री घरात काय झालं ते तिघांनी मला, म्हणजे त्यांच्या समुपदेशकाला, तीन तऱ्हांनी सांगितलं. आरडाओरडा, रडणं, मोबाईल काढून घेणं, हे तिघांच्याही सांगण्यात होतं. पण वडील आणि आई दोघांच्याही बोलण्यात सगळ्यात जास्त राग होता तो भलत्याच गोष्टीचा. भांडण रंगात आलेलं असताना आजी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "मले माहीत होतं."

हे लिहायला कुटुंबाची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीने हा मजकूर आधी वाचला आणि दोन गोष्टी काढायला सांगितल्या. त्या इथे नाहीत, आणि त्यांच्यावाचून प्रकरण समजायला काही अडत नाही.

घरच्यांचं म्हणणं

वडिलांची मागणी अगदी सरळ होती. "मॅडम, तुम्ही हिला फक्त एवढं विचारा का ही आमच्याशी खोटं कायला बोलली. मी काय वाघ आहे का? सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं मी हिला?" आईला सगळ्यात लागलं होतं ते वेगळंच. "मी तर हिची मैत्रीणच आहे. माझ्यापासून कधी काही लपवत नाही ही." हे ती वर्तमानकाळात बोलत होती, सहा आठवड्यांची गोष्ट उघड झाल्यावरही.

मुलगी बोलत नव्हती. मान खाली, उत्तरं एका शब्दाची. अशा वेळी पालकांना वाटतं की पोर निगरगट्ट झालीय. मला तसं वाटलं नाही. ती प्रत्येक प्रश्नानंतर आधी आईकडे बघायची आणि मग "माहीत नाही" म्हणायची. बोलायचं नसणाऱ्या मुलाची नजर खिडकीकडे जाते. हिची आईकडे जात होती, म्हणजे बोललं तर ते कुठे जाईल याचा हिशोब चालू होता.

पहिल्यांदा जिवाची खात्री

अशा प्रकरणात विश्वासाबिश्वासाच्या आधी एक काम असतं, ते कोणत्याही समुपदेशकाने टाळू नये. मुलीला एकटीला बसवून मी स्पष्ट विचारलं: जगू नये असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, कधी केली का. पालकांना भीती असते की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तसं होत नाही. उलट कोणीतरी थेट विचारलं याने मुलं सैल होतात. तिचं उत्तर "नाही" होतं. झोप कमी झाली होती, जेवण ठीक होतं, मैत्रिणी होत्या. तरीही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी तिला आणि आईला दोघींना लिहून दिला. रात्री-बेरात्री मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि घरातल्या कोणाला सांगून फोन करावा लागत नाही.

त्याच बैठकीत तिला माझ्या गुप्ततेची हद्दही सांगितली. तू इथे बोलशील ते मी घरी सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, आणि कोणी तुझ्याशी लैंगिक गैरवर्तन केलं असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं मला बंधनकारक आहे. तिने दोनदा विचारलं, "बाकी काहीच नाही सांगणार?" आणि तिसऱ्यांदा, "मम्मीने खूप विचारलं तरी?"

या तिसऱ्या प्रश्नातच सगळं प्रकरण होतं.

ऑगस्टमधली तीन वाक्यं

खोटं डिसेंबरात सुरू झालं, पण त्याआधी ती एकदा खरं बोलली होती. ऑगस्टमध्ये, रात्री जेवताना. तिच्याकडून आणि नंतर वडिलांकडून, दोघांकडून तो प्रसंग जवळजवळ सारखाच ऐकला, म्हणून तो इथे जसाच्या तसा देते.

ती म्हणाली, "पप्पा, मला फिजिक्स समजून नाही राहिलं."

वडील म्हणाले, "मोबाईल कमी कर, सगळं समजते."

आई म्हणाली, "इतकी फी भरली आहे, आता असं बोलून चालते का?"

भाऊ हसला. विषय संपला. नंतर वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला, असं तिला आठवतं. त्यांना आठवत नाही.

कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. बहुतेक घरांत याला संवाद म्हणतील. पण त्या मुलीच्या जागी बसून हे ऐकून पाहावं. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, ७२० गुणांपैकी १८० फिजिक्सचे असतात. कोचिंगमध्ये दर चाचणीनंतर बॅच बदलते, आणि ती जुलैतच वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये आली होती. हे घरी कोणाला ठाऊक नव्हतं. फिजिक्सचं वाक्य म्हणजे त्या सगळ्या गोष्टीची पहिली पायरी होती, घरचे पुढचं ऐकतील का हे बघायला टाकलेली. उत्तरात तिला उपाय मिळाला, किंमत सांगितली गेली आणि एक हसू मिळालं. "म्हणजे काय समजत नाही?" एवढं एक वाक्य कोणाच्या तोंडून आलं नाही.

मी वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले. "आता प्रत्येक शब्द तोलून बोलायचा का घरात?" प्रश्न रास्त आहे. दिवसभर दुकानात उभा राहिलेला माणूस जेवताना मुलाखत घेऊ शकत नाही. मी त्यांना फार काही करायला सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की मूल अडचण सांगतं तेव्हा पहिलं वाक्य उपायाचं नको. उपाय दुसरा, तिसरा, उद्या सकाळी चालेल. पहिल्या वाक्यात फक्त तिचं म्हणणं पुढे सरकायला हवं. "कधीपासून?" हाही चालतो. हा एकच शब्द त्यांनी पुढे बरेचदा वापरला.

पण फिजिक्सचा प्रसंग हे खोट्याचं निमित्त झालं. दार त्याच्या आधीच बंद झालं होतं.

नोट्सवाला

नववीत असताना ट्यूशनमधला एक मुलगा तिला नोट्स द्यायचा. तो तिला आवडत होता. तिने हे आईला सांगितलं, कारण आई मैत्रीण होती. आईने ऐकून घेतलं, रागावली नाही, "अभ्यासावर लक्ष ठेव" एवढंच म्हणाली. आदर्श म्हणावी अशी प्रतिक्रिया. त्याच रात्री आईने ते आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं. काही महिन्यांनी एका बारशाला सगळे जमले असताना मावशी मोठ्याने म्हणाली, "काय गं, तुझा नोट्सवाला काय म्हणतो?" बायका हसल्या. आईही हसली.

मुलीने मला हे सांगितलं तेव्हा मावशीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. "मम्मी पण हसली," एवढंच म्हणाली.

आईला हे आठवत होतं, पण गंमत म्हणून. तिच्या दृष्टीने तिने काही चूक केली नव्हती. सख्ख्या बहिणीला सांगितलं म्हणजे बाहेर सांगितलं नाही. आपल्या घरांमध्ये हे सर्रास चालतं. आईकडून मावशीकडे, मावशीकडून आजोळी, वडिलांकडून आत्याकडे, आणि आता कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मुलाचे मार्क, पाळी, चष्म्याचा नंबर, कोणाशी बोलतो, रात्री का रडला, हे सगळं नात्यांत फिरतं आणि त्यामागे प्रेमच असतं, हेही खरं. पण मुलाला प्रेम दिसत नाही, त्याला दिसतं ते एवढंच की आपण एकाला सांगितलं आणि दहा जणांना कळलं.

पालकांसाठीच्या बहुतेक सल्ल्यांचा भर ऐकावं कसं यावर असतो. शांत राहा, मध्ये बोलू नका, डोळ्यांत बघा. ते सगळं बरोबरच आहे. पण या प्रकरणातली आई उत्तम ऐकणारी होती. तिच्याकडे गेलेली गोष्ट तिच्याकडे राहत नव्हती, हा तिथला दोष होता. माझ्या अनुभवात वयात आलेली मुलं पालकांच्या रागाला जितकी घाबरतात त्यापेक्षा जास्त या गळतीला घाबरतात. राग रात्रीपर्यंत ओसरतो. बारशात झालेलं हसं मुलगी दहावी, अकरावी सोबत घेऊन फिरते.

आजी

आता आजीकडे येते, कारण घरात सगळ्यात जास्त दोष तिलाच दिला जात होता. "एवढी मोठी बाई, माहीत असून गप्प बसली," असं सून म्हणत होती आणि मुलगा आईशी बोलणं टाकून होता.

आजी जेमतेम चौथी शिकलेली, वर्धा जिल्ह्यातल्या गावाकडून नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला आलेली. मी तिला भेटायला बोलावलं तेव्हा आधी तिला वाटलं की तिचीही झडती घ्यायला बोलावलंय. तिने जे सांगितलं ते असं: जानेवारीत एका संध्याकाळी नात तिच्या पांघरुणात येऊन झोपली आणि म्हणाली, आजी, मी क्लासला नाही जात. आजीने का म्हणून विचारलं नाही. "तिनं मले सांगतलं का कोणाले सांगजो नको. मंग म्या कशाले सांगू?" पण तिने दोन अटी घातल्या होत्या. उपाशी जायचं नाही, आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. नात रोज परत आल्यावर आजीकडे जाऊन बसायची, कुठे बसली होती ते सांगायची. त्यानंतर एकदाही अट मोडली नाही.

म्हणजे ज्या काळात ही मुलगी साऱ्या घराशी खोटं बोलत होती, त्याच काळात ती रोज एका माणसाला खरं सांगत होती. मला याचं फार मोल वाटतं. पूर्ण मिटलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांना परत आणायला वर्ष वर्ष लागतं. ही मुलगी मिटली नव्हती. तिने जागा निवडली होती.

आजीचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्या काळात मुलीला कोणी त्रास दिला असता, ती खचत गेली असती, तर गप्प राहणं धोक्याचं ठरलं असतं. आजीला मी तेच सांगितलं: पोरीच्या जिवाचा प्रश्न वाटला तर वचन मोडायचं, आणि मोडायच्या आधी तिला सांगायचं की मी आता सांगणार आहे. आजीला ते लगेच पटलं. "तेवढं तं समजते मले," म्हणाली. वडिलांना मात्र मी आधी एकच विनंती केली, की घरी गेल्यावर आईशी बोलणं सुरू करा. घरातली एकमेव उघडी खिडकी त्यांनी रागाच्या भरात बंद केली असती.

पाळतीचं ॲप

त्या रात्रीनंतर वडिलांनी मुलीच्या मोबाईलमध्ये तिचं ठिकाण दाखवणारं ॲप टाकलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते बघत बसायचे. माझं त्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलणं याच विषयावर झालं.

यावर एक महत्त्वाचं संशोधन आहे. हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी असं धरलं जायचं की ज्या पालकांना मुलांची खडानखडा माहिती असते, ते चांगली नजर ठेवत असणार. या दोघांनी विचारलं की ती माहिती पालकांकडे येते कुठून? उत्तर आलं की बरीचशी माहिती मूल आपणहून सांगतं म्हणून येते. प्रश्न विचारून किंवा बंधनं घालून मिळते ती त्यामानाने थोडी. पुढच्या अभ्यासांत या निष्कर्षावर मतभेदही झाले, नजर ठेवण्याला काहीच अर्थ नाही असं कोणी म्हणत नाही. पण मूळ मुद्दा या घरात तंतोतंत लागू होता. ॲपवर मुलगी अजनीला दिसत होती म्हणजे अजनीला होती, एवढंच. फिजिक्स, बॅच, भीती, यातलं काही नकाशावर दिसत नाही. आजीकडे ॲप नव्हतं आणि तिला सगळं माहीत होतं.

वडिलांची काळजी मात्र खोटी नव्हती. मुलगी सहा आठवडे कुठे होती हे माहीत नसलेल्या बापाला "विश्वास ठेवा" म्हणणं सोपं आहे. म्हणून तिघांनी बसून ठरवलं: पोचल्यावर आणि निघताना ती मेसेज करेल, उशीर होणार असेल तर फोन करेल, आणि महिनाभर हे नीट चाललं तर ॲप तिच्यासमोर काढून टाकायचं. मार्चअखेर ते काढलं. वडिलांनी मोबाईल तिच्या हातात देऊन तिलाच काढायला सांगितलं, हे त्यांना मी सुचवलेलं नव्हतं.

आईचं माफी मागणं

आईला बारशाचा प्रसंग मुलीच्या बाजूने समजायला वेळ लागला. समजल्यावर ती माझ्यासमोर रडली आणि लगेच म्हणाली, आज घरी जाऊन सॉरी म्हणते. मी तिला आधी इथेच म्हणून बघायला सांगितलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "बेटा, माझं चुकलं, पण मावशी काय परकी आहे का, आणि तू पण इतकं मनावर..." इथे ती स्वतःच थांबली. दुसऱ्यांदा "पण" नव्हता: तू मला विश्वासाने सांगितलं ते मी मावशीला सांगितलं. तिने सगळ्यांसमोर काढलं तेव्हा मी तिला थांबवायला हवं होतं, आणि मी हसले. यापुढे तुझी गोष्ट तुला विचारल्याशिवाय मी कोणाला सांगणार नाही.

घरी प्रत्यक्षात कशी माफी मागितली ते मला माहीत नाही. मुलीने सांगितलं, "मम्मीने नीट सांगितलं." पुढे विचारलं नाही.

घरात नियम ठरला तो असा. मुलीबद्दलची कोणतीही गोष्ट, मार्कांसकट, नातेवाइकांना सांगायची असेल तर आधी तिला विचारायचं. आईने त्यात स्वतःहून भर घातली की धाकट्यालाही हाच नियम लागू. मावशीला फोन करून आईने सांगितलं की आता मुलांचं काही विचारू नकोस, मी सांगणार नाही. बहिणीबहिणींत त्यावरून थोडं वाजलं. ते व्हायचंच होतं.

दुकानातले रविवार

वडिलांना समोर बसून बोलता येत नाही. असे पुष्कळ बाप असतात, आणि त्यांना "मुलीशी मनमोकळं बोला" सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला अंबाझरी तलावात ढकलणं आहे. त्यांचे हात कामात असले की मात्र ते बोलतात, हे आईने सांगितलं. मार्च म्हणजे नागपुरात कूलरचा मौसम. माळ्यावरचे कूलर खाली येतात, ताट्या बदलतात, वर्षभर पडून राहिलेले पंप जाम झालेले असतात. दुकानात हात कमी पडत होते. मी मुलीला विचारलं की रविवारी सकाळी पप्पांना मदत करशील का, आणि वडिलांना एकच बंधन घातलं: त्या वेळात अभ्यास, क्लास, नीट, यातला एकही शब्द काढायचा नाही.

पहिल्या रविवारी ती कोपऱ्यात बसून वाळ्याच्या ताट्या भरत होती. दोघंही फार बोलले नाहीत. नंतरच्या एका रविवारी वडिलांनी तिला पंखा-मोटरची जोडणी करायला दिली. कंडेन्सरची वायर कुठे, मेन कुठे, हे दाखवून ते दुसऱ्या कामाला लागले. तिने जोडलं, बटण दाबलं, आणि दुकानाची एमसीबी पडली. सगळं बंद. बाहेर दोन गिऱ्हाईकं उभी.

तिने मला सांगितलेलं जसंच्या तसं देते: "मला वाटलं आता होते माझं. पप्पांनी आधी माझा हात बघितला, लागलं का म्हणून. मग एमसीबी वर केली आणि म्हणाले, परत जोड. मी परत जोडलं, तेव्हा ते बाजूला उभे होते पण हात नाही लावला त्यांनी."

वडिलांना या प्रसंगात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. दुकानात शिकाऊ पोरांच्या हातून रोज एमसीबी पडते, त्यात रागवायचं काय? मी त्यांना विचारलं, की मग फिजिक्सच्या वेळेला? ते बराच वेळ गप्प बसले. दुकानातल्या चुकीला हा माणूस इतका शांत राहू शकतो, ते त्याच्या अंगात आहे. फक्त ते मुलीच्या मार्कांपर्यंत कधी पोचलं नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला दुकानातच, पंप उघडता उघडता, तिने वडिलांना बॅचचं सांगितलं. जुलैपासूनचं सगळं. त्यांनी विचारलं, "कधीपासून समजून नाही राहिलं?" ती म्हणाली, सुरुवातीपासून. ते म्हणाले, "मग इतके दिवस एकटीच बसली होती का तू हे घेऊन?"

आत्याचा फोन

हे इथेच संपवलं तर वाचायला छान वाटेल. पण एप्रिलच्या मध्यात आत्याचा फोन आला. वडिलांनी स्पीकरवर घेतला होता. आत्याने विचारलं, पोरीचा अभ्यास कसा आहे, आणि वडील बोलून गेले, "कोचिंग सोडायचं म्हणून राहिली आता." मुलगी खोलीतच होती. ती उठून आजीच्या खोलीत गेली. पुढच्या रविवारी दुकानात गेली नाही, माझ्याकडच्या भेटीतही पुन्हा एका शब्दाची उत्तरं.

वडील हताश झाले होते. दोन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरलं, असं त्यांना वाटलं. तसं नव्हतं. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तान्ही बाळं आणि आया यांच्यावर काम केलं. आईने काही क्षण चेहरा निर्विकार ठेवला की बाळ आधी तिला हाका घालतं, हातपाय हलवतं, आणि मग तोंड फिरवतं. त्याच्या कामातून पुढे दिसलं की चांगल्या नात्यातही आई आणि बाळाची तार बराच वेळ जुळलेली नसते. नातं टिकतं ते तार तुटल्यावर पुन्हा जुळते, हा अनुभव पुन्हापुन्हा आल्यामुळे. सोळा वर्षांच्या मुलीलाही हे लागू आहे. नियम मोडला, यापेक्षा मोडल्यावर पप्पा काय करतात इकडे तिचं लक्ष होतं.

वडिलांनी तिच्यासमोर आत्याला परत फोन लावला. "ताई, मी परवा पोरीचं बोललो ते बोलायला नको होतं. तिला न विचारता बोललो. तू कोणाला सांगू नको, आणि तिला पण काही विचारू नको." आत्याला वाईट वाटलं. धाकटा भाऊ आपल्याला असं बोलतो याची तिला सवय नव्हती. मुलीने हे सांगताना पहिल्यांदाच जरा हसून सांगितलं, "पप्पांचा घसा सुकून गेला होता."

पुढच्या रविवारी ती दुकानात होती.

आजची स्थिती

कोचिंग सोडलं. फीचा मोठा भाग परत मिळाला नाही, आणि हे घराला जड गेलं. वडिलांनी ते तिच्यापासून लपवलं नाही आणि तिला ऐकवलंही नाही. फिजिक्ससाठी घराजवळ मोजक्या मुलांची एक ट्यूशन लावली. जीवशास्त्र तिला मनापासून आवडतं. नीट द्यायची की नाही हे ठरलेलं नाही. वडिलांना अजून वाटतं की ती देईल, आणि तसं वाटतं हे ते तिला सांगतात. यात मला काही गैर दिसत नाही, इच्छा बोलून दाखवणं वेगळं आणि गिऱ्हाइकांना पेढे वाटणं वेगळं. ते दुकानात आता तिच्याबद्दल बोलत नाहीत. कोणी विचारलंच तर "तिलाच विचारा" म्हणतात.

आजी आणि सून यांच्यातलं पूर्ण निवळलेलं नाही. सुनेला वाटतं की पोरगी अजूनही आधी आजीकडे जाते. ते खरं आहे. शेवटच्या भेटीत आईने मला विचारलं, "मी इतकं बदलले, मग ती मला आता सगळं सांगेल का?" मी नाही म्हटलं. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आईला सगळं सांगत नसते, आणि तिने सांगावं अशी अपेक्षाही नको. अडचणीत सापडली तर सांगेल, याची शक्यता फेब्रुवारीपेक्षा आज खूप जास्त आहे. आई म्हणाली की परवा ती शिवणयंत्राजवळ येऊन बसली होती, बराच वेळ, काही बोलली नाही. "मी पण नाही विचारलं," ती म्हणाली, "पण लय कठीण जाते मॅडम."

मुलीची स्वतंत्र भेट आता महिन्यातून एकदा ठेवली आहे. तिघांची एकत्र बैठक बारावीच्या सहामाहीनंतर, आणि त्या वेळी आजीलाही बोलवायचं, ही सूचना वडिलांची.